पहिली फेरी

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता माझं वय तुमच्या शेवटच्या वयापेक्षा जास्त आहे. आज तुम्ही समोर आलात तर मीच थोरली दिसेन, आणि तरीही मीच उठून उभी राहीन. नोकरीतून निवृत्त होऊनही बराच काळ झाला. मनीषनगरच्या या फ्लॅटच्या बाल्कनीतून सकाळी खाली पाहिलं की माणसांना कामावर न्यायला कंपन्यांच्या बसगाड्या येताना दिसतात. कोपऱ्यावर ब्रेकचा आवाज झाला की माझे कान तिकडे लागतात. गाडी सरळ थांबली की एका बाजूला ओढली, हे पाहिल्याशिवाय मला राहवत नाही. ही खोड तुमची. परवा शेजारची मुलगी आली होती. ती एका कंपनीत माणसांचं खातं सांभाळते. तिला कुठेतरी भाषण करायचं होतं, म्हणून विचारत होती, की काकू, तुम्ही इतकी वर्षं हेच केलंत, माणसांचं कामात मन कसं लावायचं हो? मी तिला तुमची गोष्ट सांगितली. तिने ती भराभर लिहून घेतली, दोनदा 'बापरे' म्हणाली आणि खूश होऊन गेली. ती गेल्यावर मात्र मला चैन पडेना, कारण मी तिला अर्धीच गोष्ट सांगितली होती. उरलेली अर्धी माझी आहे, आणि ती आजवर मी कुणालाही सांगितलेली नाही.

कामठी रोडवरचा तो कारखाना मला अजून वासासकट आठवतो. पत्र्याचं छप्पर, खाली तेलाने काळी झालेली जमीन, आणि शेठजींच्या सतरा बसगाड्या. काही कन्हानकडच्या खाणींवर कामगार न्यायच्या, काही शाळांच्या होत्या, आणि लग्नसराईत सगळ्याच वऱ्हाड वाहायच्या. तुम्ही तिथले हेडमिस्त्री. हाताखाली अकरा माणसं. शाळा नसली की मी महाल भागातल्या आपल्या दोन खोल्यांमधून तुमच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून तिथे येई आणि एका रिकाम्या टायरवर मुक्काम ठोकी. शेठजींना माणसं कामाला कशी जुंपावी याची फार काळजी असे. एकदा त्यांनी दर तासाला वाजणारी घंटा आणली. मग जाहीर केलं की वर्षभर एकही खाडा न करणाऱ्याला स्टीलचा मोठा डबा मिळेल. त्या डब्यापायी माणसं तापाने फणफणलेली असतानाही येत आणि गाडीखाली गार जमिनीवर झोपून जात. हजेरी भरली, गाड्या मात्र उभ्या त्या उभ्याच. तुम्ही त्या डब्याची कधी थट्टा केली नाहीत. एकदा फक्त म्हणालात, "डब्यासाठी येते तो डबाच घेऊन जाते, दुसरं काय?"

तुम्ही काढलेली पद्धत निराळी होती. ज्याने गाडी दुरुस्त केली, त्याने तिच्या पहिल्या फेरीला तिच्यात बसायचं. ड्रायव्हरजवळ नाही, दारात लटकून नाही, तर लोकांमध्ये, बाकावर. हात साबणाने धुऊन, शर्ट बदलून. कन्हानपर्यंत जायचं, तिथे नाक्यावर आलूबोंडा खायचा आणि परतीच्या गाडीने यायचं. पहिल्यांदा सगळे हसले होते. तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुम्ही गाडी खालून पाहता. वरतून कोण बसते, ते कधी पाह्यलं काय?" मग माणसं जाऊ लागली, आणि परत आली की वेगळंच बोलू लागली. कुणी सांगे, मागच्या बाकावर एक म्हातारी होती, खड्डा आला की देवाचं नाव घ्यायची. स्प्रिंगवाल्याने ती गाडी दुसऱ्या दिवशी आपण होऊन परत मागून घेतली. शेठजींना हे अजिबात पटत नव्हतं. "मिस्त्रीजी, हे लोक कन्हानला हवा खायला जातात, और काम कोण करणार?" असं ते म्हणत. तुम्ही म्हणालात, "हवा खाऊ द्या शेठजी. परत येते तो माणूस पाहा." मला तेव्हा यातलं काही कळत नव्हतं. मला फक्त एवढं कळे, की माणसं शर्ट बदलून गाडीत बसायची तेव्हा लग्नाला निघाल्यासारखी दिसायची.

एकावरच याचा काही परिणाम झाला नाही. त्यांना मी ब्रेकवाले काका म्हणायची. तुमच्याच वयाचे, उंच, नेहमी पाठीला माती लागलेली, कारण दिवसभर गाडीखाली उताणं पडून ब्रेकचं काम. अकरा वर्षं ते तेच करत होते. पहिल्या फेरीला तेही जात, पण बाकावर टेकले की झोपत आणि कन्हान आल्यावर कंडक्टर त्यांना उठवी. एकदा तुम्ही त्यांना विचारलंत, काय झालं गा, मन लागत नाही काय? त्यांनी जे उत्तर दिलं ते पुढे मी माझ्या सगळ्या नोकरीत विसरू शकले नाही. ते म्हणाले, "मिस्त्री, इंजिनवाल्याचं इंजिन आवाज करते. रंगवाल्याचा रंग दिसते. ब्रेक लागला त कोणी म्हनत नाही का लागला. नाही लागला का सारे बोंबलतात."

आणि मग एके दिवशी खरंच सगळे बोंबलले. मी सातवीत होते, मे महिन्याच्या सुट्ट्या होत्या. काकांनी एका गाडीच्या ब्रेकचं काम संपवलं आणि ड्रायव्हर ती फाटकाकडे घेऊन निघाला. ब्रेकच्या नळीचा एक नट काकांनी हातानेच फिरवून ठेवला होता, पान्याने आवळायचा राहिला होता. ड्रायव्हरने पॅडल दाबलं, ते थेट तळाला गेलं, आणि गाडी पाण्याच्या हौदावर जाऊन आदळली. हौदाची भिंत फुटली, अंगणभर पाणी झालं. कुणाला खरचटलंही नाही. पण ती गाडी तासाभरात खाणीची पन्नास माणसं घेऊन निघणार होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काका त्या पाण्यात उभे होते आणि हातातल्या पान्याकडे पाहत होते. शेठजी म्हणाले, हा माणूस उद्यापासून नको. कुणालाच त्यात चूक वाटली नाही. मलाही नाही.

तुम्ही म्हणालात, "एक गाडी द्या शेठजी. एकच. तिच्यात चूक निघाली त त्याच्यासंगं मी बी जाईन." शेठजी म्हणाले, लिहून द्या. तुम्ही कानावरची पेन्सिल काढलीत, एका बिलाच्या पाठीवर लिहिलंत आणि सही केलीत. मी टायरवर बसून हे पाहत होते. आपल्या घरात कमावणारे तुम्ही एकटेच होतात, हे मला माहीत होतं.

तो शनिवार मला तुकड्या-तुकड्याने नाही, सलग आठवतो. काकांनी दुपारी तीनच्या सुमाराला त्या एका गाडीचं काम संपवलं आहे. चारी चाकं चढवून झाली आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर भीती आहे, पण मन अजून कुठेतरी दूरच आहे, आपली नोकरी गेल्यातच जमा आहे असं धरून चाललेल्या माणसासारखं. तुम्ही जवळ जाता. "झालं काय गा?" "झालं." "उद्या रविवार. गाडी रिकामीच कन्हानपर्यंत नेऊन पाहू. मी चालवतो, तू मागं बस." आणि मग माझ्याकडे बोट दाखवून, जसं काही आता सुचलं, "आन समोर ही बसेल." काका माझ्याकडे बघतात. मी चिंच चोखत बसले आहे. "पोरीले काहून, मिस्त्री?" ते विचारतात. "तिले कन्हान पाहाचं हाय," तुम्ही सांगता. मी कन्हान पाहायचं असं कधी म्हटलेलं नव्हतं, बाबा. पण तुमच्या आवाजात असं काही होतं की मी मान हलवली.

काकांनी जॅक पुन्हा ओढत आणला आणि पुढचं डावं चाक काढलं. मग उजवं. मग मागची. जे काम दिवसभरात केलं होतं ते सगळं उघडून ते पुन्हा पहिल्यापासून करू लागले. तुम्ही खुर्ची टाकून पेपर वाचत बसलात. मध्येच त्यांनी हाक मारली, "मिस्त्री, एकदा पाहून घेता काय?" तुम्ही पेपरातून डोकं वर न काढता म्हणालात, "मले काय पाहाचं? तूच पाहून राहिला ना." शेवटी ब्रेकच्या नळ्यांमधली हवा काढायची वेळ आली. त्या कामाला दोघं लागतात, एकाने वर बसून पॅडल दाबायचं, दुसऱ्याने खाली चाकाशी. काकांनी मला वर बसवलं. सीटच्या टोकाला आल्याशिवाय माझा पाय पोचेना. खालून आवाज येई, "दाब वं बाई. धर. सोड." आधी पॅडल स्पंजासारखं मऊ लागत होतं. दाबता दाबता ते हळूहळू टणक झालं. "घट्ट झालं काय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो काका. "नीट सांग, माय. खरंच घट्ट झालं?" त्या प्रश्नात एवढी तळमळ होती की मी पुन्हा तीनदा दाबून पाहिलं आणि मग हो म्हटलं. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की मोठ्या माणसाने आपल्याला खरंच काही विचारलं आहे.

रविवारी सकाळी आपण निघालो. रिकामी बस खडखडत होती. तुम्ही स्टिअरिंगवर, मी शेजारच्या सीटवर, आणि मागच्या पहिल्या बाकावर शर्ट बदलून आलेले काका. ते झोपले नाहीत. मी दोनदा वळून पाहिलं, दोन्ही वेळा ते माझ्याकडेच पाहत होते. कामठी मागे पडली. कन्हानच्या पुलाआधी रस्ता उतरतो, तिथे पुढे-मागे कुणी नाही असं बघून तुम्ही मला म्हणालात, दांडा धर. मग गाडीला वेग दिलात आणि ब्रेक दाबलात. माझं अंग पुढे गेलं, चिंचेची पुडी खाली पडली. गाडी थांबली होती. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, रस्त्यावर आखल्यासारखी सरळ. तुम्ही इंजिन बंद केलंत आणि मागे वळून एवढंच म्हणालात, "सरळ थांबली गा." शाबासकी नाही, उपदेश नाही. काका खाली उतरले. एकेका चाकाशी बसून ब्रेकच्या ड्रमजवळ तळवा नेऊन पाहू लागले. चौथ्या चाकापाशी त्यांनी मला बोलावलं. "ये वं बाई, हात जवळ धर, लावू नको. पाह्यलं? चारीच्या चारी सारखे गरम हायेत. म्हंजे चारी सारखे लागले." मी हात धरला. ऊब लागली. त्यांचे डोळे भरले होते आणि ते अजिबात लपवत नव्हते. मग आपण तिघांनी नाक्यावर आलूबोंडे खाल्ले.

घरी आल्यावर मी मोठ्या कौतुकाने आईला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. "एका मानसाची नोकरी वाचवाले पोटची पोर समोर बसवली तुम्ही?" ती तुम्हाला म्हणाली. "ब्रेक नसता लागला त?" तुम्ही म्हणालात, लागला ना. "नसता लागला त?" तुम्ही पाटावर खाली मान घालून बसलात, तिने ताट वाढलं, आणि पुढचे चार दिवस ती तुमच्याशी एक शब्द बोलली नाही. 'त्याईले विचार चहा पाहिजे काय' असे निरोप माझ्यामार्फत चालायचे. बाबा, मी आयुष्यभर तुम्हाला मनोमन हात जोडत आले, पण आईचं चुकलं होतं असं मला आजही म्हणता येत नाही.

काका टिकले. ते काही साधुसंत झाले नाहीत. सोमवारी उशिरा यायचे ते येतच राहिले आणि शेठजींशी खटके उडायचे तेही उडत राहिले. पण रोज संध्याकाळी ते फाटकाशी उभे राहत आणि परत येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारत, "कशी थांबली?" पुढे ड्रायव्हर लोक फाटकातून शिरतानाच ओरडून सांगू लागले, "सरळ थांबली गा!" आणि मग ज्या कामाला कुणी नाव ठेवल्याशिवाय ओळखत नव्हतं, त्याची रोज संध्याकाळी विचारपूस होऊ लागली. कॉलेजात असताना मी एकदा तुम्हाला विचारलं होतं, की खरं सांगा, त्या शनिवारी काका घरी गेल्यावर तुम्ही चाकं उघडून पाहिली असतील ना? तुम्ही हसलात आणि म्हणालात, "आता कोनाले आठवते?" मी मनाशी ठरवून टाकलं, की पाहिली असतील. कुठला बाप पाहणार नाही?

तुमच्या तेरवीला काका आले होते. जेवणं झाल्यावर त्यांनी मला बाजूला बोलावलं. "बाई, एक सांगतो. त्या शनिवारी निघाच्या आधी मी चाकाच्या नटाईवर खडूनं रेघा मारल्या होत्या. नटावरून चाकावर, एक एक बारीक रेघ. मिस्त्री म्हनते, मले नाही पाहाचं, पन मानूस हाय, पाहीलच. उघडलं असतं त रेघा जुळल्या नसत्या. सकाळी मी सगळ्यात आधी आलो. वाकून पाह्यलं. साऱ्या रेघा जशाच्या तशा. पोर बसनार होती, बाई, आन तुझ्या बापानं हात नाही लावला." तुमचा फोटो समोर होता, हार घातलेला. त्या फोटोतल्या माणसाला मी ओळखतच नव्हते, असं मला वाटलं.

तोवर मी हिंगण्याकडच्या एका कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी म्हणून लागले होते. तिथे पाण्याचे पंप बनत. माणसं मला पाठीमागे 'कल्याणबाई' म्हणत, आणि ते मला ठाऊक आहे हेही त्यांना ठाऊक होतं. मी सूचनापेटी लावली. पहिल्या महिन्यात तिच्यात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या रिकाम्या पन्न्या निघाल्या आणि एक चिठ्ठी, 'कॅन्टीनच्या डाळीत डाळ टाकावी'. वाढदिवसाची कार्डं काढली, तक्ते लावले. घंटा आणि डबाच तो, फक्त इंग्रजी शिकलेला. तुम्ही गेल्यावर तिसऱ्या वर्षी पंपजोडणीवरची एक बाई सारख्या चुका करू लागली. नवरा नुकताच गेला होता, हात चालायचे पण ती तिथे नसायची. मॅनेजर म्हणाले, काढा. मी म्हटलं, एक पंप द्या मला. मग मी तिला म्हटलं, हा पंप तू एकटीने जोड, तो माझ्या घरच्या टाकीवर बसेल, माझा मुलगा त्याच पाण्याने आंघोळ करेल. तिने माझ्याकडे तसंच पाहिलं, जसं काकांनी तुमच्याकडे पाहिलं होतं. दोन दिवस लावून तिने तो जोडला. ती बदलली, बाबा. पुढे लाइनची प्रमुख झाली. वर्षानुवर्षं ती मला भेटली की पहिला प्रश्न तोच, "बाई, पंप कसा चालते?" मी सांगे, मस्त चालते वं. शेजारच्या मुलीला मी सांगितलेली गोष्ट इथे संपते.

आता उरलेली. पंप पुरा झाला त्या संध्याकाळी ती बाई घरी गेल्यावर मी फोरमनला बोलावून म्हटलं, उघडा. मुलगा अडीच वर्षांचा होता. पाणी आणि वीज एकत्र. त्या खडूच्या रेघा मला ठाऊक होत्या, काकांचा शब्द न् शब्द पाठ होता, आणि तरी मी उघडा म्हटलं. फोरमननी वर्तमानपत्र पसरून एकेक स्क्रू काढून ठेवला, आतलं सगळं तपासलं, परत बसवलं. आम्ही दोघांनी ही गोष्ट कुणाला कळू दिली नाही. ती निवृत्त झाली त्या दिवशी पेढे घेऊन घरी आली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही तो पंप उघडून नव्हता ना पाह्यला? मी साऱ्याईले हेच सांगते, का बाईनं उघडून नाही पाह्यला, म्हनून मी उभी राह्यली." मी म्हटलं, नाही वं, कशाला पाहीन? आणि तिच्या हातातला पेढा खाल्ला.

हे कागद मी आता घडी करून आईच्या पोथीत ठेवीन. पाठवायचे तरी कुठे, आणि आईशेजारी ते बरे राहतील, तिने मला नक्की माफ केलं असतं. तुमचं मला सांगता येत नाही. फक्त एवढं सांगायचं राहिलं, बाबा, की त्या संध्याकाळी पंप उघडला तेव्हा आत सगळं ठीक होतं, एकही स्क्रू ढिला नव्हता. आणि उघडण्याआधी मी सगळीकडून नीट पाहिलं होतं. त्या बाईने कुठेच रेघ मारलेली नव्हती.